पूजेला बसलेला टॉर्क रेंच

अलाइनमेंटचा रॅक रिकामा होता. आदल्या संध्याकाळी मी त्यावर एक निळी स्पोर्ट्स कार उभी करून घरी गेलो होतो, आणि तिच्या मागच्या चाकांना जागेवर धरून ठेवणारे बोल्ट नुसते हातानं बसवलेले होते. आवळायचे बाकी होते.

मी साहूजींना विचारलं, गाडी कुठी गेली?

साहूजी माझे पार्टनर. छत्तीसगढात भनपुरीला हे वर्कशॉप आम्हा दोघांचं. टायर आणि बॅलन्सिंग ते पाहतात, सस्पेन्शन आणि अलाइनमेंट मी. त्या दिवशी विश्वकर्मा पूजा होती, म्हणून ते पांढऱ्या कुर्त्यात, कपाळभर टिळा लावून बुंदीचे द्रोण भरत बसले होते. मोठ्या आनंदात होते.

"हर्ष ले गया ना, भैया. घर से मम्मी को लेके जाएगा. सिलतरा में उनकी मिल की पूजा है. सब गाड़ियाँ लाइन से लगेंगी, तो पापा ने बोला ये भी आनी चाहिए."

मी विचारलं, गाडी झाली आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं? ते म्हणाले, सांगायचं काय त्यात, सीटवर रेंच नव्हता. 

मी वळून पूजेकडे पाहिलं. लाल कपड्यावर सगळी औजारं ओळीनं मांडलेली, रॉकेलनं पुसून चकचकीत केलेली. मधोमध माझा टॉर्क रेंच, त्याच्या मुठीवर कुंकवाचं बोट आणि वर झेंडूचं फूल.

थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा मेश्राम भैताडच आहे, बोल्ट हातानं बसवून घरी जातो.

हर्ष पंचविशीचा पोट्टा. घर पुरानी बस्तीत, वडिलांची सिलतऱ्याला रोलिंग मिल. त्यानं ही गाडी बाहेरगावाहून जुनी घेतली आणि घेतल्या घेतल्या कुठेतरी नेऊन खाली करून आणली. खाली करणं म्हणजे स्प्रिंग बदलून गाडी जमिनीच्या जवळ बसवणं. दिसायला झकास दिसते. वळणावर झुकतही कमी. पण ज्यानं हे काम केलं होतं त्यानं मूळच्याच स्प्रिंगा कापून दिल्या होत्या. आमच्याकडे गाडी आली तेव्हा मागच्या टायरची आतली कड झिजून तार दिसत होती. बाहेरून टायर नवाकोरा. म्हणूनच लोक फसतात.

मी त्याला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. चाक समोरून पाहिलं तर सरळ उभं आहे की वरून आत झुकलेलं, त्याला कॅम्बर म्हणतात. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं समोर पाहतात की पायाचे अंगठे आत वळवून चालणाऱ्या माणसासारखी एकमेकांकडे, त्याला टो म्हणतात. गाडी खाली बसली की चाकाला धरणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात आणि या दोन्ही गोष्टी बिघडतात. या दांड्यांनाच आर्म म्हणायचं. कंपनीचे आर्म ठरलेल्या लांबीचे असतात, त्यांना जास्त सरकवता येत नाही. म्हणून गाडी खाली करायची तर लांबी कमीजास्त करता येणारे आर्म लावावे लागतात. नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही.

हर्षचा अभ्यास झालेला होता, म्हणजे त्यानं व्हिडिओ पाहिले होते. त्याला रेसच्या गाड्यांना लावतात तसे आर्म पाहिजे होते, ज्यांच्या टोकाला रबराऐवजी धातूचा गोळा असतो. मी नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं. मी त्याला बाहेर नेऊन त्याच्याच गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवायला लावलं. बोट काळं झालं. सिलतऱ्याच्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या गाडीत तिथल्या कारखान्यांतली स्पंज आयर्नची, म्हणजे कच्च्या लोखंडाची, ही भुकटी कुठेकुठे जाते हे मी रोज पाहतो. धातूच्या गोळ्यात ती शिरली की पहिल्याच पावसाळ्यात तो टकटक वाजायला लागतो. मग हाच पोट्टा मला येऊन म्हणणार, भैया आवाज आ रहा है.

तर ठरलं असं: स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकमेकांना मेळ खाणारे, एकाच किटमधले. गाडी जितकी खाली होती त्यापेक्षा थोडी वर. त्यावर तो हिरमुसला, पण इथले स्पीड ब्रेकर सरकार बनवत नाही, मोहल्ल्यातले लोक बनवतात, आणि ते काही तुमच्या गाडीची उंची पाहून बनवत नाहीत. मागे कॅम्बर आणि टो दोन्हीचे आर्म बदलायचे, टोकाला रबरी बुश असलेले. तो तयार झाला. जाताना म्हणाला, मम्मी को भी बिठाऊंगा इसमें, तो सेफ होना चाहिए. हे त्यानं म्हटलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला त्या सकाळी वाटलं.

आता रबरी बुशची एक खोड असते. गाडी लिफ्टवर उचलली की चाकं खाली लोंबतात. तशातच बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या अवस्थेत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की कायमचं पिळलेलं राहतं. ते लवकर फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं बसवायचा, गाडी चाकांवर उभी करायची, नवीन स्प्रिंगला वजन घेऊन बसू द्यायचं, आणि मग टॉर्क रेंचनं आवळायचं. टॉर्क रेंच म्हणजे ठरवलेल्या जोरावर टिक असा आवाज देणारा पाना. तो सांगतो, बस झालं.

मी स्प्रिंगला रातभर बसू देतो. घाई करणारे गाडीत दोघांना बसवून उड्या मारायला सांगतात. मला ते पटत नाही. तर अशी अर्धवट गाडी रॅकवर असली की आमचा एक नियम होता: टॉर्क रेंच ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायचा. सीटवर रेंच असेल तर गाडीला हात लावायचा नाही. नसेल तर काम झालं. इतकी वर्षं हा नियम कधी चुकला नव्हता, आणि खरं सांगतो, मला त्याचा अभिमानही होता.

हर्षला मी पूजेच्या दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं होतं. पूजेच्या दिवशी मी दुकानात उशिरा जातो. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत होते तेव्हाही तिथल्या वर्कशॉपमध्ये पूजा व्हायची, ते प्रसाद घेऊन घरी यायचे, इतकाच आमचा त्या सणाशी संबंध. आमच्या वर्कशॉपमध्ये हॉलमध्ये विश्वकर्माचा फोटो आहे, माझ्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती. साहूजी दोन्हींची धूळ पुसतात. याच्यावरून आमच्यात कधी शब्दानं शब्द वाढला नाही.

त्या सकाळी कामगारांनी दुकानाच्या कानाकोपऱ्यातून औजारं गोळा केली, तशी ती दरवर्षी करतात. एकही पाना पूजेतून सुटता कामा नये. सीटवरचाही सुटला नाही. मग हर्ष आला, साहूजींनी सीट पाहिली, रिकामी होती. त्यांनी आमचाच नियम पाळला होता. चिडायचं तरी कुणावर?

चिडलो मात्र मी भरपूर. पण आधी फोन लावला. हर्ष उचलेना. मग मला आठवलं, मागे फोनवर बोलता बोलता त्यानं एका डिव्हायडरला गाडी घासली होती, तेव्हापासून आई सोबत असली की ती त्याचा फोन आपल्या पर्समध्ये टाकते. त्यानंच हसत हसत मला सांगितलं होतं. साहूजींनी त्याच्या वडिलांना लावला. रिंग जाऊन जाऊन बंद झाली, ते पूजेला बसले असणार. साहूजींचा चेहरा आता उतरला होता. त्यांनी विचारलं, होऊ काय शकतं?

मी सांगितलं. बोल्ट रस्त्याच्या धक्क्यांनी फिरत फिरत ढिला होतो. मागची चाकं आपल्या मनानं दिशा घ्यायला लागतात. बोल्ट पडला तर चाक वाकडं होतं, आणि शेजारून लोखंडानं भरलेला ट्रक जात असेल तर पुढचं मी सांगायला नको. सिलतऱ्याला जाणाऱ्या बिलासपूर रोडवर शेजारून ट्रक जात नाही असा क्षण नसतो.

"चला, पिकअप काढा," मी म्हटलं, आणि रेंच उचलायला पूजेकडे गेलो.

साहूजी आडवे आले. म्हणजे धक्काबिक्का काही नाही, नुसते माझ्यासमोर उभे राहिले.

"भैया, औज़ार एक बार बैठ गए तो कल सुबह से पहले नहीं उठते. किसी और से माँग लेते हैं."

मी म्हटलं, कोणाकडून मागता? समोरचा गॅरेजवाला, त्याच्या बाजूचा लेथवाला, पलीकडचा बॉडी बिल्डर, सगळ्यांची औजारं कुंकू लावून बसलेली. सिलतऱ्याच्या मिलमध्ये फिटर रग्गड, पण त्यांचेही पाने आज देवापुढे. त्या दिवशी या सगळ्या पट्ट्यात, जिथे एरवी लोखंडाचा आवाज थांबत नाही, एक पाना मोकळा नव्हता.

साहूजींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते हलेनात. माणूस वाईट नाही. त्यांच्या घरात तीन पिढ्यांपासून हे पाळलं जातं, आणि मोडलं तर वर्षभर कुणाचा ना कुणाचा हात मशीनमध्ये जातो, हे त्यांच्या हाडात बसलेलं आहे. कामगारही हात बांधून पाहून राहिले होते. आणि मी एरवी त्यांच्याशी हिंदीत बोलतो, पण डोकं फिरलं की माझ्या तोंडून मराठीच निघते.

"साहूजी, गाडीत त्याची माय बसली आहे. आज ते दोघं ट्रकखाली गेले, तर उद्या सकाळी हा रेंच उचलून मी काय आवळू? मले सांगा."

मला वाटलं, गेली आपली पार्टनरशिप. साहूजींना मराठी समजते, बोलता येत नाही. त्यांनी चपला काढल्या, फोटोपुढे वाकले, झेंडूचं फूल बाजूला ठेवलं आणि रेंच स्वतःच्या हातानं उचलला.

"मैं उठा रहा हूँ. जो होगा मेरे को होगा, लड़कों को नहीं."

मग रेंचला लागणारे सॉकेट उचलले, रॅकजवळच्या जाड फळ्या पिकअपमध्ये टाकल्या. खाली केलेल्या गाडीला रॅकवर चढताना बंपर घासू नये म्हणून या फळ्या लागतात. पिकअप साहूजी चालवत होते. रेंच माझ्या मांडीवर होता.

त्या रस्त्याबद्दल मी जास्त काही सांगू शकत नाही, कारण मी रस्ता पाहिलाच नाही, फक्त त्याची डावी कड पाहत होतो. पावसानं खड्डे पडलेले. प्रत्येक खड्ड्याला मी मनात म्हणायचो, इथून ती गेली, तेव्हा बोल्ट किती फिरला असेल. हर्ष आधी घरी जाऊन आईला घेऊन निघाला होता, म्हणजे आमच्यापुढे तो फार नसणार, असा मी हिशेब लावायचो आणि पुन्हा तोच हिशेब मोडायचो. या गाडीला पिकअप कधी गाठते काय? साहूजी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. एरवी मी त्यांना चिडवलं असतं. त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

पुढे एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. माणसं, एक ट्रक तिरपा उभा, कोणीतरी हात करून गाड्या बाजूला काढतंय. साहूजींनी पिकअप हळू केली. जवळ गेलो तर भंडारा होता. लोक पुरी-भाजी वाटून राहिले होते. एक जण खिडकीतून आम्हालाही द्रोण द्यायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

सिलतऱ्याच्या थोडं अलीकडे एक धरमकाँटा आहे, ट्रक वजन करायचा. तो पूजेमुळे बंद होता. त्याच्या आवारात निळी गाडी उभी होती.

गाडी सरळ उभी होती. काच फुटलेली नव्हती. हर्ष मागच्या चाकापाशी उकिडवा बसून खाली डोकावत होता, आणि त्याची आई वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पूजेचं ताट घेऊन बसली होती. मी पिकअपमधून उतरलो आणि सरळ मागच्या चाकांकडे गेलो.

हर्ष म्हणाला, पीछे से टक-टक आ रहा था, मैंने सोचा नया पार्ट है, सेट हो जाएगा. गाडी त्यानं थांबवलीच नसती. आईनं थांबवायला लावली. ती म्हणाली, "भैया, ये गाड़ी कमर मटका रही थी. मैंने कहा, मैं इसमें एक कदम नहीं जाऊँगी."

आम्ही फळ्या मांडल्या. हर्षनं गाडी मुंगीच्या पावलांनी मागे घेऊन मागची चाकं फळ्यांवर चढवली, तेव्हा कुठे माझं डोकं खाली शिरेल इतकी जागा झाली. वजन चाकांवरच, म्हणजे आवळायला जसं पाहिजे तसं. मी आडवा होऊन आत सरकलो.

उजव्या बाजूचे बोल्ट ढिले होते, पण जागेवर. डाव्या टो आर्मचं नट आट्यांच्या अगदी टोकाला आलेलं होतं. मी बोट लावलं तर ते फिरलं. आणखी एखादा मोठा खड्डा आणि ते रस्त्यावर पडलं असतं. मी खालीच पडून राहिलो. हर्ष वरून विचारत होता, भैया, क्या हुआ? मी हात बाहेर काढून रेंच मागितला.

मग आवळायला घेतलं. रेंचवरचं कुंकू घामानं ओलं होऊन माझ्या तळव्याला लागलं. एकेक बोल्ट टिक वाजेपर्यंत आणला. झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून तपासले. मग तिसऱ्यांदा. एरवी मी असं करत नाही.

बाहेर आलो तेव्हा साहूजी हर्षला सांगत होते की गाडी झालेली नव्हती, मी न विचारता देऊन टाकली. मी मधे म्हणालो की तसं नाही, आमच्या नियमात खोट होती. हर्षनं हळूच मला बाजूला घेतलं आणि विचारलं, कुछ हो सकता था क्या? खोटं बोलायची माझी तयारी होती. पण त्याच्या तोंडाकडे पाहून हो म्हणालो. तो गाडीच्या छतावर हात ठेवून उभा राहिला.

त्याच्या आईचं लक्ष माझ्या हातातल्या रेंचकडे गेलं. मुठीवरचं कुंकू तिनं बरोबर ओळखलं.

"पूजा से उठा के लाए?"

"हव," साहूजी म्हणाले. छत्तीसगढीत हो म्हणजे हव. एवढंच, मान खाली घालून.

तिनं मग पदर नीट केला, ताट उचललं आणि म्हणाली, "मिल में किसी को मत बताना. इसके पापा बहुत मानते हैं."

मिलपर्यंत ते पुढे आणि आम्ही मागे, सायकलच्या वेगानं गेलो. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवून वैतागले. पोहोचलो तोवर आरती संपली होती. हर्षच्या वडिलांनी सगळ्यांसमोर त्याला झापलं की तुला वेळेचं भान नाही. त्यानं खाली पाहून ऐकून घेतलं. आईनं आम्हाला बसवून प्रसाद दिला. मी काळ्या हातानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आणून शेवटचं अलाइनमेंट केलं. बुशना काही झालं नव्हतं. आर्मची निवड बरोबर निघाली, टायर आता आतून-बाहेरून सारखेच झिजतात. रबराऐवजी धातूचे लावले असते तर रातभर थांबायची गरजच नव्हती आणि हे काही घडलं नसतं, हेही खरं आहे. तरी आजही मी रबरीच लावीन.

पूजेच्या दिवशी मिलमधून दुकानात आल्यावर साहूजींनी रेंच धुतला, पण पुन्हा मांडला नाही, फोटोच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची माफी मागायची होती, आवाज चढवल्याची. ती राहूनच गेली. मी माझा डबा न उघडता तसाच घरी नेला.

यातून धडा एवढाच: काम अर्धं आहे ही खूण अशी पाहिजे जी कोणी चांगल्या मनानंही उचलणार नाही. चोर उचलेल याचा विचार सगळे करतात. आता अर्धवट गाडीची किल्ली माझ्या खिशात घरी येते. गिऱ्हाइकं कुरकुर करतात, करोत.

यंदा पूजेला मी वेळेवर गेलो. साहूजींनी औजारं मांडली, फुलं वाहिली, अगरबत्ती हातात घेतली. पंडितजींना आणखी दहा ठिकाणी जायचं होतं, ते घाई करत होते. साहूजी म्हणाले, थांबा महाराज, आधी मेश्राम भैया एक चक्कर मारतील. मी दुकानातल्या प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. पंडितजी घड्याळ पाहत होते, कामगार हात जोडून उभे होते, आणि कोणालाही त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. मी येऊन मान हलवली, तेव्हा साहूजींनी काडी ओढली.